जठरातील जंतू आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोलण्यासाठी मंडळाने आम्हा उभयतांना बोलाविले, याबद्दल आम्ही आभारी आहोत. विषय कोणता घ्यावा हे मंडळाने आमच्यावरच सोपविले होते. मधुमेह, रक्तदाब असा एखादा नेहमीचा विषय घ्यावा असे प्रथम वाटले. परंतु आमच्या दवाखान्यात आलेल्या एका तरुणाच्या प्रश्नाने आमचा विचार बदलला. तो प्रश्न काय होता आणि त्याचे उत्तर देताना आम्हाला का जड गेले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

या तरुणाचे वडील सरकारी खात्यातून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते. वय बासष्ट. अंगाने सडसडीत, स्वभावाने अबोल. मोठ्या आतड्याचा कर्करोग होऊन ते वारले. निदान झाले तेव्हाच रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. रुग्णालयात त्यांची जठराचीही दुर्बिणीतून तपासणी झाली होती आणि त्या कागदावर 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह' असा शेरा होता. वडिलांच्या पश्चात मुलाने ती फाईल वाचून काढली. जठरातील या जंतूचा आणि आतड्याच्या कर्करोगाचा संबंध आहे, असे त्याच्या वाचनात आले होते. फाईल टेबलावर ठेवून तो म्हणाला, "मॅडम, हा जंतू आधीच मारला असता, तर बाबा वाचले असते का?"

आता या जंतूची ओळख करून घेऊ. त्याचे पूर्ण नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आकार मळसूत्रासारखा पिळदार. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की तेथे कोणताही जंतू तग धरू शकणार नाही, असे वैद्यकशास्त्र वर्षानुवर्षे मानत आले. अल्सर होतो तो चिंता आणि तिखट खाण्याने, असे आमच्या आधीच्या पिढीतील डॉक्टर शिकले. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली हे पिळदार जंतू दिसले. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत जंतू वाढविण्याचे त्यांचे प्रयत्न एकामागून एक फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशा फेकून देण्याची रीत होती. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी आडवी आली, बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले! सुट्टीवर नाराज असणाऱ्या विद्यार्थ्यांनी नव्हे, सुट्टी न देणाऱ्या साहेबांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

तरीही कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे ते पाणी स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत त्यांच्या जठराला सूज आलेली दिसली. पुढे औषधाने जंतू मारला की अल्सर कायमचा बरा होतो हे सिद्ध झाले. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांच्या पहिल्या वर्गात केली. ज्या वर्गात तंबाखू आहे तोच हा वर्ग. मात्र ती गणना जठराच्या कर्करोगासाठी होती, मोठ्या आतड्याच्या नव्हे. हा फरक विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू येतो कोठून? बहुधा लहानपणीच तो पोटात शिरतो. आईबापांकडून, भावंडांकडून, उष्ट्यातून, वांतीतून, विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो. ज्या घरात माणसे जास्त आणि जागा थोडी, तेथे त्याचा प्रसार अधिक. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांचे बालपण बी.डी.डी. चाळींत गेले आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत आठ-दहा माणसे, एक माठ, त्यावर एकच ओगराळे आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. आता तेथे टॉवर उभे राहत आहेत, परंतु त्या खोलीत वाढलेली पोटे आजही आपल्यात आहेत. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू आढळतो. बहुतेकांना त्याचा जन्मभर काही त्रास होत नाही. आम्हा दोघांची तपासणी झाली तेव्हा एकाच्या पोटात तो निघाला. कोणाच्या, ते सांगत नाही. घरात वाद नको.

ज्या देशांत घरे मोठी झाली, नळाचे पाणी स्वच्छ झाले, तेथे प्रत्येक नव्या पिढीत हा जंतू कमी कमी होत गेला. त्यासाठी कोणी मोहीम काढली नव्हती. म्हणून 'तुमच्या अस्वच्छतेमुळे हा जंतू झाला' असे कोणी म्हणाले, तर ते आपण मुकाट्याने ऐकून घेऊ नये. एका खोलीत दहा माणसे राहतात ती हौसेने राहत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जठर वर आहे, मोठे आतडे खाली. मध्ये वीस फूट लहान आतडे. मग वरच्या जंतूचा खालच्या रोगाशी संबंध कसा लागतो?

या विषयावरील एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये आहेत. तेथे १९९९ ते २०१८ या काळात ज्यांची या जंतूसाठी तपासणी झाली, अशा आठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी संशोधकांनी पाहिल्या. त्यांतील सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांत जंतू होता. पुढील वर्षांत कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, याचा हिशेब मांडला गेला. जंतू असलेल्यांमध्ये हे प्रमाण जंतू नसलेल्यांपेक्षा १८ टक्के अधिक निघाले आणि त्या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण १२ टक्के अधिक. ज्यांच्यात जंतू सापडला पण ज्यांना औषध मिळाले नाही, त्यांच्यात औषध घेतलेल्यांच्या तुलनेने कर्करोग २३ टक्के आणि मृत्यू ४० टक्के अधिक दिसले.

हे आकडे ऐकून सभागृहात थोडी कुजबुज झालेली आम्हाला दिसते. म्हणून अठरा टक्के म्हणजे काय ते समजावून घेऊ. शंभरांपैकी अठरांना कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. समजा, जंतू नसलेल्या एक हजार माणसांपैकी दहांना काही वर्षांत हा रोग होणार असेल, तर जंतू असलेल्या एक हजारांपैकी सुमारे बारांना होईल. दहाचे बारा. वाढ आहे, ती खोटी नाही. परंतु उरलेल्या नऊशे अठ्ठ्याऐंशी माणसांना जंतू असूनही काही होणार नाही. वर्तमानपत्राच्या मथळ्यात टक्के छापतात, हजारातले दोन छापत नाहीत.

आणखी एक अडचण आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्यांनी चौदा दिवसांचे औषध नेटाने पूर्ण केले, ते लोक मुळातच डॉक्टरांकडे वेळेवर जाणारे, सांगितलेली तपासणी करून घेणारे असू शकतात. त्यांचा आतड्याचा रोग लवकर सापडला असेल, म्हणून ते वाचले असतील. ज्यांना औषध मिळाले नाही ते कदाचित अधिक गरीब, अधिक धूम्रपान करणारे किंवा दवाखान्यापासून दूर राहणारे असतील. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब धरण्याचा प्रयत्न केला आहे. तरीही नोंदींवरून केलेल्या अभ्यासात हा संशय पुरता फिटत नाही.

म्हणून प्रयोगशाळेतला पुरावा पाहावा लागतो. जर्मनीतील म्युनिक येथील संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्यात गाठी होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांना हा जंतू दिला, तेव्हा त्यांच्या आतड्यांत गाठी अधिक झाल्या. जंतू जठरातच राहतो, परंतु आतड्यातील संरक्षक पेशींचा तोल बिघडतो आणि आतड्याच्या आतील बुळबुळीत थर खाऊन टाकणारे इतर जिवाणू वाढतात, असे त्यांना दिसले. औषधाने जंतू मारल्यावर गाठींचे प्रमाण पुन्हा नेहमीइतके झाले. याखेरीज या जंतूमुळे वर्षानुवर्षे टिकणारी जठराची सूज, कमी होणारे आम्ल आणि गॅस्ट्रिन नावाच्या संप्रेरकाची वाढ, असेही मार्ग शास्त्रज्ञ सुचवितात. घराच्या वरच्या मजल्यावर पाणी गळत असले की ओल खालच्या भिंतीवर येते, तसाच काहीसा हा प्रकार. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

आतड्याच्या कर्करोगात जिवाणूंचा हात असावा, ही कल्पना तशी अगदी नवी नाही. हृदयाच्या झडपेला एका विशिष्ट स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग झालेला रुग्ण आला, तर त्याचे मोठे आतडेही तपासावे, हे डॉक्टरांना १९७० च्या दशकापासून माहीत आहे. २०२५ मध्ये अकरा देशांतील रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्यातील काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. त्या विषाच्या खुणा चाळिशीच्या आतील रुग्णांत, सत्तरीपुढील रुग्णांच्या मानाने तिपटीहून अधिक वेळा सापडल्या आणि त्या बहुधा बालपणीच उमटलेल्या असाव्यात असे दिसले. तेव्हा लहानपणी पोटात काय शिरते याचा हिशेब उतारवयात होत असावा, ही शंका बळावत चालली आहे.

आता या सर्वांच्या उलट बाजूला ठेवण्यासारखी एक गोष्ट आपल्याच देशात आहे. आपल्याकडे हा जंतू अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक आहे, परंतु मोठ्या आतड्याचा कर्करोग अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी. केवळ जंतूनेच हा रोग होत असता, तर चित्र उलटे दिसले असते. जठराच्या कर्करोगाबाबतही तसेच आहे. जंतू घरोघर असून तो रोग जपानइतका आपल्याकडे नाही. मात्र मिझोरममध्ये तो देशात सर्वांत अधिक आढळतो, कारण तेथे धुरावर वाळविलेले मांस आणि तंबाखूचा धूर पाण्यात जिरवून ते पाणी तोंडात धरण्याची सवय यांची जंतूला जोड मिळते, असे मानले जाते. जंतू एकटा फारसे काही करीत नाही, त्याला साथीदार लागतात. मोठ्या आतड्याच्या बाबतीत हे साथीदार म्हणजे वाढते वय, घराण्यात हा रोग असणे, लठ्ठपणा, दारू, धूम्रपान, बैठे काम, आहारात चोथा कमी आणि टिकविलेले, खारविलेले मांस जास्त. आपल्या शहरांत हे साथीदार वाढत आहेत आणि त्यांच्याबरोबर हा रोगही वाढतो आहे.

तर त्या तरुणाला आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "बाळ, हजारो माणसांचा हिशेब एका माणसाला लावता येत नाही. तो जंतू आधी मारला असता तर तुझ्या बाबांचा धोका थोडासा कमी झाला असता, कदाचित. ते वाचले असते, असे कोणीही सांगू शकणार नाही."

उत्तर शास्त्राला धरून होते. परंतु ते देताना आमची मान वर होत नव्हती. त्याचे कारण फाईलमध्ये नव्हते, आमच्या दवाखान्याच्या नोंदवहीत होते. हे गृहस्थ आजार कळण्यापूर्वीच्या दीड वर्षात आमच्याकडे चार वेळा आले होते. तक्रार प्रत्येक वेळी एकच, पोटात गुबारा धरतो, जळजळते. आम्ही पित्ताची गोळी लिहून दिली. दोन वेळा तर त्यांनी कंपाउंडरकडूनच गोळी नेली. तिसऱ्या खेपेस ते जाता जाता म्हणाले होते की मूळव्याध पुन्हा उठली आहे, मेडिकलवाल्याकडून मलम आणले आहे. आम्ही मान हलविली. रक्त किती दिवसांपासून जाते, रंग कसा, शौचाची वेळ बदलली का, वजन उतरले का, यांतले काहीही आम्ही विचारले नाही. बाहेर वीस माणसे बसली होती. चौथ्या खेपेस त्यांचा चेहरा पांढराफटक दिसला तेव्हा आम्ही रक्त तपासले. हिमोग्लोबिन सात. बासष्ट वर्षांच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन सातवर येते, तेव्हा रक्त कोठेतरी जात आहे का, हे पाहावेच लागते. तेथून पुढचे सर्व भराभर झाले, परंतु उशीर होऊन गेला होता.

हे सर्व आम्ही त्या मुलाला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. आज आपल्यासमोर सांगत आहोत ते त्याची परवानगी घेऊनच.

आमची आपणाला विनंती अशी की जंतूच्या भीतीने सर्वांनी उठून प्रयोगशाळेकडे धाव घेऊ नये. ज्याला अल्सर आहे किंवा होऊन गेला आहे, ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, ज्याची जळजळ, अपचन हटत नाही किंवा ज्याला नेहमी ॲस्पिरिन वा वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागतात, त्याने जंतूची तपासणी करून घ्यावी. ती श्वासावरून होते, शौचाच्या नमुन्यावरून होते किंवा दुर्बिणीने. श्वासाच्या तपासणीची युक्ती मोठी सुंदर आहे. हा जंतू युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाने आम्लात जगतो. रुग्णाला खुणेचा कार्बन घातलेला युरिया पाजतात. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. चोर आपल्याच हत्याराने पकडला जातो. तपासणीपूर्वी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद ठेवावी लागतात, नाहीतर जंतू असून सापडत नाही. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीवर भिस्त ठेवू नये, कारण जंतू मेल्यानंतरही ती बराच काळ होकारार्थी राहते.

जंतू सापडला तर औषध घ्यावे आणि पूर्ण घ्यावे. सामान्यतः दहा ते चौदा दिवस दोन-तीन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी, कधी सोबत बिस्मथ. तोंड कडू होते, मळमळते, शौचाला काळी होते. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडून देऊ नये. जुलाब लागले की मेट्रोनिडॅझोलच्या चार गोळ्या स्वतःच आणून खायच्या, या आपल्याकडील सवयीमुळे हा जंतू त्या औषधाला मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला आहे. म्हणून औषध संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून तो गेला की नाही ते पाहावे.

परंतु जंतू मारला म्हणजे आतड्याची काळजी मिटली, असे मुळीच नाही. चाळिशीनंतर शौचावाटे रक्त जात असेल, तर मूळव्याध असली तरी तिच्यामागे दुसरे काही नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. शौचाची जुनी सवय काही आठवड्यांत बदलली, कारण नसताना वजन उतरले, पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या बाईचे रक्त कमी झाले, तर केवळ लोहाच्या गोळ्यांवर भागवू नये. आपल्याकडे हा रोग तुलनेने तरुण वयातही आढळतो, तेव्हा 'अजून वय कुठे झाले' हे उत्तर पुरेसे नाही. आणि डॉक्टरने विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. रक्त जाते हे सांगायला आपली माणसे लाजतात, बायका तर फारच. आमच्यासारख्याने नुसती मान हलविली, तर खुर्चीवरून उठू नये.

ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आहे, त्यांनी चाळिसाव्या वर्षी, अथवा आप्ताला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे. तपासणीत लहान कोंब, म्हणजे पॉलिप, दिसला तर तो तेथल्या तेथे काढता येतो. असे कोंब कर्करोगात रूपांतरित व्हायला बहुधा बरीच वर्षे लागतात, तेवढी सवड आपल्या हाती असते.

त्या तरुणाचे वय तेव्हा एकोणचाळीस होते, त्याच्या मोठ्या बहिणीचे त्रेचाळीस. दोघांचीही तपासणी झाली. भावाचे आतडे स्वच्छ निघाले. त्याच्या जठरात मात्र जंतू होता. त्याने चौदा दिवसांचे औषध घेतले आणि पुन्हा तपासले तेव्हा जंतू गेला होता. बहिणीच्या आतड्यात दोन कोंब सापडले, ते काढून टाकले; तपासणीत त्यांत कर्करोग नव्हता. तिला तीन वर्षांनी पुन्हा बोलाविले आहे. सर्वांत धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला असतो. त्याचे वय छत्तीस. दर वेळी फोन केला की तो म्हणतो, चाळिशीला अजून चार वर्षे आहेत, डॉक्टर, मला कुठे काय होते आहे? आम्ही त्याचा नंबर ठेवला आहे.